सगळ्यांच्या परातीतली कचोरी

बालाघाटात त्या काळी, म्हणजे सत्तावन सालापासून पुढची बारा-तेरा वर्षं, कोणाला चटकमटक खायची इच्छा झाली तर तो आधी हॉटेलात शिरत नसे, पोस्टमनची वाट बघे. परगावच्या माणसाला हे खरं वाटणार नाही. न वाटो. गुजरीतल्या जुन्या दुकानदारांना विचारा, ते सांगतील की पत्र नाही आलं तरी चालायचं, हिरालाल यायला पाहिजे असायचा.

हिरालाल मेश्राम उंच आणि काटकुळा होता. खाकी कोट त्याच्या अंगावर खुंटीला टांगल्यागत दिसे, आणि इतकं खाऊन हा माणूस ते ठेवतो कुठं, हा गावाला पडलेला जुना प्रश्न होता. त्याची बीट मोठी. स्टेशनापासून निघायचं, गुजरीतून हनुमान चौकात यायचं आणि बसस्टँडवर संपवायचं. या वाटेवर जेवढ्या कढया, तेवढ्या त्याच्या ओळखीच्या. गोंदियाहून छोटी गाडी यायच्या वेळेला स्टेशनाबाहेर गोदाबाई मूगवडे तळायला बसे. बसस्टँडवर बैहरच्या मोटारी लागत, तिथला चहावाला दुधात आलं ठेचून टाके आणि चहा इतका उकळे की चमचा उभा राहील. चौकात सकाळी पोहे, आणि दसऱ्यापासून होळीपर्यंत वारासिवनीचा एक माणूस खोव्याची जिलेबी घेऊन बसे. जाडजूड, काळसर जिलेबी. एक खाल्ली की दुपारचं जेवण रात्रीवर जाई.

"आज कुठं काय, पोस्टमनभाऊ?" असं कोणी विचारलं की हिरालाल सायकलवरूनच एक पाय जमिनीला टेकवी. पत्र हातात तसंच राही.

"गोदाबाईचे वडे आज झणझणीत आहेत. मिरची नवी आणलेली दिसते. तुमचं पोट साथ देत असन त जा, नाई त उद्या जा. चौकातल्या जिलेबीचा पाक आज पातळ आहे, तिकडे पाहू पन नका. अन् घनश्यामकडे..." इथं तो थांबे, डोळे बारीक करी. "घनश्यामची कचोरी आताच खाऊन येऊन राह्यलो. वरचा पापुद्रा नखानं उचलला त उचलला गेला. आत मुगाची डाळ, बडीशेप, वरून गरम कढी. आता यापुढं मी काय सांगू."

हे ऐकून कचेरीतला एक बाबू हातातलं पत्र न फोडताच खिशात घालून घनश्यामच्या हॉटेलाकडे निघाला होता. पत्र सासऱ्याच्या आजारपणाचं होतं. सासरा पुढे बरा झाला, म्हणून हे हसून सांगता येतं.

पण हिरालालच्या खाण्याला एक अट होती, आणि ती त्याने जिवापाड सांभाळली होती. जे सगळे खातात तेच खायचं, आणि सगळ्यांत बसून खायचं. त्याच्या गावी, वारासिवनीच्या बाजूला, चहाच्या दुकानात त्याच्या बापासाठी वेगळा कप असे. तो बाहेरच्या खांबाला खिळ्यावर टांगलेला. बाप तो स्वतः काढी, पुढे धरी, वरून चहा ओतला जाई, आणि पिऊन झाला की स्वतःच धुऊन परत टांगी. हिरालालने लहानपणी हे इतक्या वेळा पाहिलं होतं की मोठेपणी चहाचा पहिला घोट घेताना त्याला तो खांब आठवे. छप्पन साली दसऱ्याला बापाला घेऊन तो गोंदियावरून नागपूरला गेला. लाखो माणसांत उभं राहून दोघांनी दीक्षा घेतली. परत आल्यावर बापाने पहिलं काम काय केलं असेल, तर खिळ्यावरचा कप काढून नाल्यात फेकला. दुकानदार बघत राहिला. आणि हिरालालने मनाशी ठरवलं, की वेगळं म्हणून कोणी अमृत दिलं तरी तोंडाला लावायचं नाही.

पुढच्याच वर्षी पोस्टात नोकरी लागली. शहरात कोणी तोंडावर काही बोलत नसे, पण हॉटेलवाल्याची नजर बोलायची. दोन हॉटेलांत त्याला 'तिकडे कोपऱ्यात बसा' असं सांगण्यात आलं. हिरालाल बसला नाही आणि भांडलाही नाही. त्यांची डाक तो गल्ल्यावर ठेवी आणि पुढे जाई. फक्त 'आज कुठं काय' या प्रश्नाच्या उत्तरात त्या दोन हॉटेलांचं नाव पुढच्या बारा वर्षांत कोणी ऐकलं नाही. त्यातल्या एकाने शेवटी भट्टी मोडून कापडाचं दुकान टाकलं. हिरालालला याचं दुःख झालं असं म्हणता येणार नाही.

घनश्यामचं हॉटेल गुजरीच्या तोंडाशी होतं. वर टिनाचं छप्पर, आत सहा बाकं, आणि पुढे चुलीजवळ चौरंगावर एक मोठी पितळी परात, तिच्यात कचोऱ्यांचा ढीग. घनश्याम गोल पोटाचा आणि मऊ बोलणारा गृहस्थ, अर्धं हिंदीत बोले, अर्धं मराठीत. सत्तावन सालच्या त्या पहिल्या दिवशी हिरालाल सरळ आत गेला आणि मधल्या बाकावर बसला. पत्रांची थैली त्याने मांडीवर घट्ट धरली.

"सगळ्यांले जे देता, तेच द्या," तो म्हणाला.

"और क्या दूँगा, भाऊ?" घनश्याम म्हणाला. "कचोरीच आहे आपल्याकडे."

आणि त्याने परातीतली एक उचलून, सगळ्यांच्याच बशांतल्या एका बशीत घालून, पुढे ठेवली. खरं सांगायचं तर त्या दिवशीची कचोरी एका बाजूने करपलेली होती. हिरालालने ती करपलेल्या भागासकट खाल्ली, बाहेर आला, आणि पहिला जो माणूस भेटला त्याला सांगितलं की बालाघाटात कचोरी खावी तर घनश्यामची. तिथून ही सगळी कथा सुरू झाली.

पुढे कचोरी करपेनाशी झाली. पुढे तर ती अशी होऊ लागली की हिरालालला आपल्याच नशिबाचा हेवा वाटे. रोज अकराच्या सुमाराला गुजरीच्या वळणावर तो घंटी वाजवी, सायकल भिंतीला लावी, बाकावर बसतो न बसतो तोच कढईतून निघालेली कचोरी पुढे येई. हा आपल्याच अंगातला गुण, असं त्याने ठरवून टाकलं होतं. "घाण्याची वेळ साधता आली पाह्यजे," तो लोकांना ऐकवी. "लोक उगाच जातात, केव्हाही जातात. मी पोचतो अन् घाणा निघतो. बारा वर्षांत कधी चुकलो नाई." एकटी गोदाबाई त्याला रांगेत उभं करी आणि आधीच्यांना वाढून मग वडे देई. तेव्हा तिचे वडे चांगले असले तरी तिच्याकडे वेळ काही साधत नाही, असं त्याचं मत पडलं होतं.

घरी त्याची बायको आनंदी. तिच्यासाठी तो पळसाच्या पानाच्या द्रोणात काहीबाही बांधून नेई. घरी पोचेपर्यंत ते गार होऊन जाई, म्हणून कचोरी मात्र तो कधी नेत नसे. कचोरी गार खाणं म्हणजे तिचा अपमान, असं तो म्हणे. कचोरीऐवजी तो घरी कचोरीचं वर्णन नेई. जेवायला बसला की सुरू. "तुये वडे चांगले आहेत, नाई म्हणत नाई. पन घनश्यामच्या हाताले काई वेगळीच गोडी आहे."

आनंदी सगळं ऐकून घेई. बारा वर्षं एका न पाहिलेल्या कचोरीशी तिची बरोबरी चालली होती. दुसरी कोणी असती तर केव्हाच परात घेऊन अंगावर गेली असती.

एकोणसत्तरच्या हिवाळ्यात, धान विकून झाल्यावर, रामपायलीहून तिचा भाऊ सुखराम बाजार करायला आला. दोघं बहीणभाऊ दुपारी गुजरीत गेले. लुगडं घेतलं, बैलांच्या वेसणी घेतल्या, आणि मग सुखराम म्हणाला की भाऊजी ज्या कचोरीचे गुण गाता गाता थकत नाहीत, ती एकदा पाहू तरी. आनंदी आजवर हॉटेलात बसली नव्हती. भाऊ सोबत होता म्हणून बसली.

संध्याकाळी हिरालाल घरी आला तेव्हा सुखराम शेवटच्या मोटारीने परत गेला होता आणि आनंदी तांदूळ निवडत होती.

"कचोरी खाल्ली बा तुमची," ती म्हणाली.

हिरालालने उत्साहाने टोपी काढली. "मंग?"

"मंग काय. खाल्ली."

"बोल ना."

"तेल जुनं होतं. आत मैदा कच्चा. डाळीले आंबूस वास येऊन राह्यला होता. दादानं अर्धी कुत्र्याले टाकली अन् मले म्हणे, भाऊजीले सांगू नको, त्यायच्या जिवाले लागन."

"तुमी घाण्याची वेळ साधली नसन," हिरालाल म्हणाला.

"वेळ काय साधाची जी? परातीत ढीग पडला होता. सगळे तेच खाऊन राह्यले होते." आनंदीने सूप बाजूला ठेवलं आणि अगदी साध्या आवाजात म्हणाली, "तुमी खाता ते अन् लोक खातात ते एक नसन."

बायका नवऱ्याला पुष्कळ काही बोलतात आणि नवरे ते पाण्यासारखं अंगावरून जाऊ देतात. हे गेलं नाही. हिरालाल रात्री नीट जेवला नाही, आणि ही त्याच्या घरात बातमी होण्याजोगी गोष्ट होती.

त्या शनिवारी त्याने रजा टाकली. धोतर नेसला, जुनी बंडी घातली, डोक्याला आणि कानाला दुपट्टा गुंडाळला. सायकल घरीच ठेवली. मागच्या गल्लीने चालत गेला आणि घनश्यामच्या हॉटेलात शेवटच्या बाकावर भिंतीकडे तोंड करून बसला. कारागीर महागूने कोण आहे हे न पाहताच परातीतली एक कचोरी बशीत टाकून पुढे सारली.

हिरालालने नखाने पापुद्रा उचलून पाहिला. उचलला गेला नाही. बोटाने दाबला तर बोटाला तेल आलं. घास घेतला. आनंदीने सांगितलेलं सगळं त्यात होतं, तिने एक अक्षर वाढवून सांगितलं नव्हतं. त्याने हळूच आजूबाजूला पाहिलं. कोणी माणूस बैहरहून आलेला, कोणी भरवेलीच्या खाणीतला, सगळे कढीत बुडवून बुडवून ते घशाखाली ढकलत होते. यातले निम्मे आपल्या शब्दावर इथं आले असतील, हे त्याच्या मनात आलं आणि त्याने दुपट्टा कानावर आणखी ओढला.

तेवढ्यात वळणावर सायकलची घंटी वाजली. त्याच्या बीटवर त्या दिवशी बदलीचा पोस्टमन होता.

"महागू, डाक!" घनश्याम गल्ल्यावरून ओरडला.

महागू लगबगीने उठला. कोपऱ्यातल्या दुसऱ्या चुलीवर त्याने लहान कढई चढवली, फळीवरून झाकणाचा डबा काढला, ओल्या फडक्याखालचे दोन गोळे काढून चेपले आणि स्वच्छ तेलात सोडले. मग वरच्या कोनाड्यातून निळ्या काठाची एक बशी घेतली आणि धुतलेल्या कापडाने पुसली. ती बशी हिरालालच्या चांगल्या ओळखीची होती. वर्षानुवर्षं तो तीतच खात आला होता. शेजाऱ्याची बशी कसली आहे हे त्याने कधी पाहिलं नव्हतं, कारण खाणाऱ्याची नजर आपल्या बशीतून वर येत नाही.

बदलीचा पोस्टमन आत आला, पत्र गल्ल्यावर ठेवून निघून गेला.

"अरे, हे तर दुसरेच आहेत," घनश्याम म्हणाला. "राहू दे, महागू."

"टाकल्या न मी," महागू वैतागून म्हणाला.

"टाकल्या त काढ," भिंतीकडून आवाज आला. "पन सगळ्यांच्या परातीत टाक."

दुपट्टा सोडून हिरालाल उभा राहिला तेव्हा घनश्यामच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. तो गल्ल्यामागून धावत बाहेर आला. "हिरालालभाऊ, तुमी? असे? मागे काहून बसले? इकडे या, इकडे बसा..."

"केव्हापासून चालू आहे हे?"

घनश्यामने हात जोडले. "दहा-अकरा वर्षं झाली असन. तुमच्या तोंडून नाव निघते त माह्यं दुकान भरते, भाऊ. तुमाले परातीतलं कसं देऊ? वो तो आपके मान का है. मानाची बशी आहे."

हिरालालने त्या निळ्या काठाच्या बशीकडे पाहिलं. बोलला तेव्हा आवाज चढला नव्हता, पण हॉटेलातल्या सगळ्यांनी ऐकला.

"माह्या बापाचा कप वेगळा होता, घनश्यामभाऊ. तो लोकायनं वाईट मनानं ठेवला होता. तू ही बशी चांगल्या मनानं ठेवली. फरक समजते मले, मी काही खुळा नाई. पन मी मनात म्हणत होतो का मी सगळ्यांतलं खातो. अकरा वर्षं म्हणत होतो. अन् खात होतो वेगळंच."

 हिरालाल खाली बसला, परातीतली ती वाईट कचोरी त्याने शेवटपर्यंत खाल्ली, कारण अन्न टाकणं त्याच्या रक्तात नव्हतं, आणि मागच्या गल्लीने घरी गेला.

त्यानंतर आठ दिवस बालाघाटात लोकांना फक्त पत्रं मिळाली. "आज कुठं काय?" विचारलं की हिरालाल म्हणे, "मले माहीत नाई," आणि पायडल मारी. गावात वावड्या उठल्या. कोणी म्हणे पोस्टमनचा दात गेला, कोणी म्हणे डॉक्टरने तळलेलं बंद केलं. वारासिवनीच्या जिलेबीवाल्याने काळजीपोटी आपल्या पाकाची तार तीनदा तपासली.

शेवटी पानठेल्यावाल्या चैतरामने त्याची सायकल हँडल धरून अडवली. चैतराम त्याचा जुना दोस्त. हिरालालने सगळं सांगितलं, आणि मान खाली घालून म्हणाला, "बारा वर्षं मी लोकायले फसवलं."

चैतराम पानाला चुना लावायचा थांबला आणि खो-खो हसला. "आमाले का माहीत नव्हतं? साऱ्या गुजरीले माहीत होतं, महागूच्या त्या डब्याचं."

"मंग जात काहून होते?"

"तुमचं ऐकून तोंडाले पानी सुटे. त्या पान्यासोबत कशीही कचोरी जाय खाली."

हिरालाल हसला नाही. आपल्या जिभेवर गाव खूश आहे, एवढ्याने त्याचं समाधान होणार नव्हतं. गावाला डबा ठाऊक होता आणि आपल्याला नव्हता, हे तर त्याला आणखीच लागलं. घनश्यामच्या हॉटेलात पुन्हा पाय टाकायचा की नाही, हे त्याचं ठरत नव्हतं. गेलं तर कोणत्या तोंडाने, आणि नाही गेलं तर आयुष्यात ज्या बाकावर पहिल्यांदा छाती पुढे काढून बसलो तेच गेलं.

रविवारी दुपारी रेल्वेलाइन ओलांडून घनश्याम हिरालालच्या वॉर्डात आला. हातात कागदाचा पुडा. बारा वर्षांत तो इकडे एकदाही आला नव्हता, त्यामुळे घर विचारत विचारत आला आणि अंगणात आला तेव्हा मागे दहा-बारा माणसं होती.

"गरम आहे, भाऊ," त्याने पुडा पुढे केला. "सोता तळून आणल्या."

"परत ने," हिरालाल बाजेवरून न उठता म्हणाला. "वेगळ्या तळल्या नं?"

घनश्यामचा हात तसाच राहिला. तेव्हा आतून आनंदी आली. तिने पुड्याकडे पाहिलं नाही.

"उन्हातून आले, बसा," ती म्हणाली. "जेवाची वेळ आहे, वाढते. पन पाहुना आला म्हणून वेगळं काही करनार नाई जी. घरात शिजलं तेच."

घनश्याम अंगणातच उभा राहिला. गावाला रोज खाऊ घालणारा माणूस हा. पण त्याच्या घरातल्या कोणी आजवर या घरांतून पाणीसुद्धा घेतलं नव्हतं, हे त्यालाही ठाऊक होतं, हिरालाललाही, आणि कुंपणापाशी जमलेल्यांनाही.  एक शेळी तेवढी त्या पुड्याकडे सरकत होती.

घनश्यामने चपला काढल्या. हिरालालच्या मागोमाग आत येऊन त्याच्याशेजारी पाटावर बसला. आनंदीने दोघांना एकाच भांड्यातून वाढलं. भात, आंबाडीची भाजी आणि लाखोळीच्या डाळीचे वडे. हिरालाल जेवत नव्हता, तो घनश्यामचा हात बघत होता. घनश्यामने वडा मोडला, वास घेतला, कारागिराच्या सवयीने आतला भाग बोटाने तपासला, आणि खाल्ला. दुसरा खाल्ला. मग मान खाली घालून, जरा लाजतच म्हणाला, "वहिनी, और एक."

हिरालालने तोंड फिरवून दुपट्ट्याने डोळे पुसले आणि भाजीत मिरची जास्त झाली असं सांगितलं. भाजीत मिरची नव्हतीच.

"कुरकुरीत आहेत," घनश्याम म्हणाला. "काय घालता?"

"घालाचं काय त्यात? डाळ जाडी वाटाची अन् तेल चांगलं पाह्यजे." आनंदी चौथा वडा वाढत होती. बारा वर्षांचा हिशोब तिच्याकडेही होता, तो तिने आता काढला. "तुमच्या कचोरीत मोहन कमी पडते. मैदा कोरडाच मळता का तुमी? अन् त्या मोठ्या कढईतलं तेल केव्हा बदलता?"

"बदलतो न, वहिनी."

"केव्हा?"

घनश्याम भातात फार गुंतला. आठ दिवसांत पहिल्यांदा हिरालाल मोठ्याने हसला, इतका की त्याला ठसका लागला.

जाताना दाराशी घनश्यामने विचारलं, "उद्या येनार नं?"

"येईन," हिरालाल म्हणाला. "पन डबा नको, कोनाड्यातली बशी नको. परातीतलं देशील त येईन."

घनश्याम पार चौकापर्यंत विचार करत गेला. आजवर दोन कचोऱ्या चांगल्या केल्या की भागत होतं. आता त्या जिभेपुढे अख्खी परात उभी करायची होती.

सोमवारी सकाळी महागूची चिडचिड गुजरीच्या दुसऱ्या टोकाला ऐकू येत होती. मोठ्या कढईतलं तेल मालकाने नालीत ओतायला लावलं होतं. मैद्यात इतकं मोहन घातलं होतं की महागूच्या मते ही कचोरी नसून लग्नाचा खाजा होता. शिळी डाळ गाईपुढे गेली होती. लहान चूल विझलेली होती आणि डबा रिकामा करून त्यात बडीशेप भरली होती.

अकरा वाजता हिरालाल आला. त्याने घंटी वाजवली नाही. खाकी कोट, थैली, सगळं जसंच्या तसं. तो मधल्या बाकावर बसला. हॉटेल भरलेलं होतं, कारण चैतरामने सकाळपासून ठेल्यावर येणाऱ्या प्रत्येकाला बातमी दिली होती. शेजारी एक म्हातारा शेतकरी बसला होता. खांद्यावर घोंगडी, कपाळाला गंध. बैहरकडून कचेरीच्या कामाला आलेला, त्याला यातलं काहीच ठाऊक नव्हतं.

महागूने परातीतल्या दोन कचोऱ्या उचलल्या, एक हिरालालपुढे आणि एक म्हाताऱ्यापुढे ठेवली, वरून कढी ओतली. घनश्याम गल्ल्यावर बसून श्वास धरून बघत होता.

हिरालालने पापुद्रा नखाने उचलला. उचलला गेला. घास घेतला. चांगली होती, खरोखर चांगली होती. पण त्याचा चेहरा खुलला नाही. परातीतली खरी, पण महागूने वरची निवडून आपल्याला दिली असली तर? अकरा वर्षं फसलेला माणूस एका सोमवारी कसा विश्वास ठेवणार? त्याने शेजाऱ्याच्या बशीकडे पाहिलं. म्हाताऱ्याने नुकती कचोरी मोडली होती.

"माफ करा जी," हिरालाल म्हणाला, आणि हात लांब करून म्हाताऱ्याच्या बशीतल्या कचोरीचा एक तुकडा मोडून तोंडात टाकला.

महागूचा झारा कढईवरच थांबला. सहाही बाकांवरच्या माना इकडे वळल्या. पंधरा वर्षांपूर्वी या जिल्ह्यात एवढ्याशा गोष्टीवरून काय झालं असतं, हे तिथल्या प्रत्येक मोठ्या माणसाला माहीत होतं, आणि हिरालालला सगळ्यांत जास्त. त्याने तो तुकडा सावकाश चावला.

म्हातारा त्याच्याकडे पाहत राहिला. आधी कोटाकडे, मग तोंडाकडे, मग आपल्या बशीत पडलेल्या खड्ड्याकडे.

"काय पाहून राह्यले?" त्याने विचारलं.

"तुमची अन् माही एकच आहे का ते पाहून राह्यलो."

"मंग? आहे का?"

"एकच आहे," हिरालाल म्हणाला. 

"तुमी म्हणाल तेच खरं का?" म्हातारा म्हणाला. "मले पाहू द्या." आणि त्याने हिरालालच्या बशीतल्या कचोरीचा, हिरालालने मोडला होता त्याच्या दुप्पट मोठा तुकडा मोडून घेतला आणि कढीत बुडवून खाल्ला.